स्वभावाचे प्रकार आणि कामाची वाटणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांत नोकरीच्या ठिकाणच्या स्वभावभेदांविषयी विचारणारी पत्रे बरीच होती. त्यांपैकी चार पत्रे संक्षेपाने देऊन त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या आस्थापनांची नावे अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे तपासणी विभागात काम करते. आमच्या मालकांच्या चिरंजीवांनी नुकतेच बाहेरून प्रशिक्षक बोलावून सर्वांकडून एक स्वभावचाचणी भरून घेतली. माझ्या कागदावर ‘आयएसटीजे’ अशी चार अक्षरे आली आणि त्याखाली ‘अंतर्मुख, नियम पाळणारी, एकट्याने करावयाच्या कामास योग्य’ असे छापलेले होते. तपासणी व घडी विभागाच्या सुपरवायझरची जागा लवकरच रिकामी होणार असून ती मलाच मिळेल, असे सगळे धरून चालले होते. आता मात्र ‘माणसे सांभाळणे तुमच्या स्वभावात नाही’ असे सांगून पॅकिंगमधील एका बोलक्या सहकाऱ्याचे नाव पुढे करण्यात आले आहे. मी कमी बोलते, हे खरे आहे. मग चाचणीचा निकाल मान्य करून गप्प बसावे का?

उत्तर : मान्य करू नये, आणि गप्पही बसू नये. तसे का, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण अशा चाचण्यांचे कागद आता सोलापुरातल्या लहानमोठ्या कारखान्यांपर्यंत पोहोचू लागले आहेत आणि त्यांच्यावर छापलेल्या अक्षरांना लोक रक्तगटाइतके पक्के समजू लागले आहेत.

आपल्याला दिलेली चार अक्षरे ज्या पद्धतीतून आली, तिचे मूळ स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या स्वभावप्रकारांच्या विवेचनात आहे. अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स या दोघींनी ते विवेचन आधाराला घेऊन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक प्रश्नावली तयार करण्यास सुरुवात केली. ती १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभरच्या कंपन्यांत पसरली. दोघींनीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते; त्यामुळे त्यांचे काम आपोआप खोटे ठरत नाही, परंतु ते तपासून घेण्याची गरज मात्र वाढते. तपासणीत या पद्धतीची एक मोठी उणीव पुढे आली. तिच्यात प्रत्येक माणसाला चार जोड्यांपैकी एकेका बाजूला टाकले जाते, म्हणजे माणूस एक तर अंतर्मुख, नाही तर बहिर्मुख. प्रत्यक्षात बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात असतात. जो मध्यावर उभा आहे त्याचे एखादे उत्तर इकडचे तिकडे झाले की अक्षर बदलते, आणि म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली असता पुष्कळांना वेगळा प्रकार मिळतो. पूर्णपणे अंतर्मुख किंवा पूर्णपणे बहिर्मुख असा कोणी नसतो, असे स्वतः युंगही सांगत असत.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब पुढे आहे. नोकरीसाठी निवड करण्याकरिता किंवा कोणाला कोणते पद द्यावे हे ठरवण्याकरिता ही चाचणी वापरू नये, असे ती प्रकाशित करणारी संस्थाच सांगते. माणसाला स्वतःच्या सवयींचा विचार करता यावा, एवढाच तिचा उद्देश सांगितला जातो. म्हणजे आपल्या कारखान्यात जे घडले ते चाचणीच्या प्रकाशकांनाही मान्य होणारे नाही. हे चिरंजीवांना नम्रपणे, परंतु स्पष्टपणे सांगता येईल.

तो कागद वाचल्यावर ‘अगदी माझेच वर्णन आहे’ असे आपल्याला वाटले असेल, तर त्यालाही फार महत्त्व देऊ नका. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी भरून घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझ्या स्वभावाचे वर्णन’ म्हणून एक कागद दिला. ते वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर उघड झाले की सर्वांना एकच मजकूर दिलेला होता आणि त्यातील वाक्ये राशिभविष्याच्या एका पुस्तकातून घेतलेली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येते : कमी बोलणाऱ्या माणसाला माणसे सांभाळता येतात का? बोलक्या लोकांना पुढारीपण लवकर मिळते, हे संशोधनातही दिसते. मात्र पद मिळणे आणि ते नीट निभावणे यांत अंतर आहे, आणि बोलकेपणाचा संबंध दुसऱ्यापेक्षा पहिल्याशी अधिक घट्ट आढळला आहे. ॲडम ग्रँट, फ्रान्चेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन या तिघांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन तर आपल्या कामाच्या फारच जवळचे आहे. त्यांनी पिझ्झाच्या दुकानांतील व्यवस्थापकांचा अभ्यास केला, तसेच विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना टी-शर्टांच्या घड्या घालण्यास लावल्या. हाताखालची माणसे सांगितले तेवढेच करणारी असतील, तर बहिर्मुख नायक उपयोगी पडतो. पण माणसे स्वतःहून सूचना करणारी, काम सुधारू पाहणारी असतील, तर कमी बोलणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या नायकाच्या हाताखाली काम अधिक चांगले होते, असे त्यांना दिसले. तेव्हा आपल्या घडीच्या टेबलावर कशा बायका आहेत, हा प्रश्न मालकांनी आधी विचारायला हवा. वर्षानुवर्षे टॉवेल हाताळलेल्या बाईला किनार सैल पडली आहे की पाइल (टॉवेलवरची धाग्यांच्या फाशांची लव) कमी-जास्त झाली आहे हे नुसता हात फिरवून कळते. अशा अनुभवी हातांना दिवसभर मोठ्याने सूचना देणारा सुपरवायझर लागत नाही. त्यांनी सांगितलेले दोष नोंदवून मागापर्यंत पोहोचवणारा लागतो.

आपल्या पत्रात एक उल्लेख ओझरता आला आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. सदोष टॉवेल बाजूला काढताना आपण मागाचा क्रमांक वहीत टिपून ठेवता, आणि एकाच मागाचा माल पुन्हापुन्हा बाद होऊ लागला की जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्याला, गाठून पाइलच्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) ताण तपासायला सांगता. हे काम आपल्याला कोणी नेमून दिलेले नाही. आपण ते चोखपणे, न सांगता, सातत्याने करता. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा कामातील यशाशी सर्व प्रकारच्या व्यवसायांत संबंध दाखवणारा गुण एकच आढळला, तो म्हणजे कर्तव्यदक्षता. बोलकेपणाचा उपयोग व्यवस्थापक आणि विक्रेते यांच्या कामात दिसला, परंतु तो बेताचाच. ती वही हाच आपला दाखला आहे. मालकांना भेटायला जाताना ती बरोबर न्या, आणि काही आठवडे त्या जागेवर प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची संधी मागा.

एक गोष्ट मात्र आपल्यालाही शिकावी लागेल. सुपरवायझरला कधी कधी नको असलेली गोष्ट चारचौघांत बोलावी लागते. शिफ्ट संपता संपता आलेली ऑर्डर, रजेचा वाद, दोघींमधील कुरबुर. यासाठी स्वभाव बदलण्याची गरज नाही, पण बोलण्याची वेळ टाळून चालणार नाही. रोज काम सुरू होण्यापूर्वी टेबलाशी उभे राहून त्या दिवसाचा माल, कालचे दोष आणि कोण कुठे बसेल एवढे ठरावीक सांगण्याचा शिरस्ता ठेवलात, तर आयत्या वेळी बोलण्याचे निम्मे दडपण कमी होईल.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत कर्जविभाग पाहते. कागदपत्रे पुरती पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. माझे सहकारी काउंटरवर असतात. ते अतिशय मनमिळाऊ आणि झटपट काम करणारे आहेत, पण माझ्याशी न बोलताच ते सभासदाला ‘सोमवारी या, चेक घेऊन जा’ असे सांगून मोकळे होतात. सोमवारी सभासद माझ्या टेबलाशी येऊन भांडतो. ‘तुमचा स्वभाव संशयी आहे’ असे ते म्हणतात, आणि मला ते बेजबाबदार वाटतात. शाखाधिकारी म्हणतात, दोघांचे स्वभावच जुळत नाहीत, त्याला इलाज नाही. खरोखरच इलाज नाही का?

उत्तर : आहे, आणि तो स्वभावात शोधायचा नाही. आपल्या शाखेत सभासदाला तारीख कोणी द्यायची हे ठरलेले नाही. कर्जाची तारीख देणे हे काउंटरचे काम की कर्जविभागाचे, हे कागदावर कोठेही नसल्यामुळे जो आधी भेटतो तो तारीख देतो, आणि ती पाळण्याची जबाबदारी मात्र दुसऱ्यावर येते. या जागी एकाच स्वभावाची दोन माणसे बसवली असती तरी भांडण झालेच असते. ‘स्वभाव जुळत नाहीत’ हे उत्तर शाखाधिकाऱ्यांना सोयीचे आहे, कारण ते एकदा दिले की कामाची वाटणी करण्याचे त्यांचे स्वतःचे काम उरत नाही. या बाबतीत मी त्यांना दोष देते.

असे वेगळे स्वभाव एका शाखेत असणे ही खरे तर चांगली गोष्ट आहे. इंग्लंडमधील हेन्ली येथील व्यवस्थापन महाविद्यालयात मेरेडिथ बेल्बिन या संशोधकांनी व्यवस्थापनाच्या खेळांत गटांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. केवळ कुशाग्र, चिकित्सक बुद्धीच्या माणसांचे गट करून पाहिले, तेव्हा ते जिंकण्याऐवजी अनेकदा मागे पडले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या म्हणण्यातील चूक शोधत राहिला आणि निर्णय झालाच नाही. गटात कोणी संपर्क साधणारा, कोणी तपासून पाहणारा, कोणी काम तडीस नेणारा, अशा वेगवेगळ्या भूमिकांची माणसे लागतात, हा त्यांचा निष्कर्ष आज सर्वत्र शिकवला जातो. आपले सहकारी सभासद आणतात आणि टिकवतात. आपण संस्थेचे पैसे बुडू देत नाही. शाखेला दोन्ही हवे आहे.

तेव्हा शाखाधिकाऱ्यांकडे जाताना तक्रार घेऊन न जाता प्रस्ताव घेऊन जा. पहिला प्रस्ताव असा की, जामीनदारांची कागदपत्रे, तारणाचा उतारा, सर्च रिपोर्ट (तारणावर आधीचा बोजा नाही ना, याच्या तपासाचा अहवाल), उत्पन्नाचा दाखला या सर्वांची यादी काउंटरवर छापील ठेवावी आणि यादी पूर्ण झाल्याशिवाय अर्ज दाखल करून घेऊ नये. दुसरा असा की, तारीख फक्त कर्जविभागाने द्यावी. पण अर्ज दाखल झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत ती देणे आपल्यावर बंधनकारक असावे, म्हणजे काउंटरवरील माणसाला सभासदापुढे नुसतेच ‘बघतो’ म्हणावे लागणार नाही. मार्चअखेरीच्या गर्दीत ही मुदत पाळणे जड जाईल, म्हणून त्या महिन्यासाठी ती वेगळी ठरवून घ्या.

आता थोडे आपल्याविषयी. आपण प्रकरण परत पाठवता तेव्हा सर्व त्रुटी एकाच शेऱ्यात लिहिता, की एक पूर्ण झाली की दुसरी काढता? हे विचारण्याचे कारण असे की, चिकित्सक माणसे मनापासून काम करत असूनही पुष्कळदा दुसऱ्या पद्धतीने वागतात. मंगळवेढ्याहून किंवा मोहोळहून एसटीने आलेल्या सभासदाला प्रत्येक खेपेस नवा कागद मागितला गेला, तर त्याला तो संशयच वाटतो, आणि आपल्या सहकाऱ्यालाही तसेच वाटले तर त्यांना सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. पहिल्याच वाचनात सर्व त्रुटी एकत्र लिहून त्यांची एक प्रत काउंटरवर द्या. त्यांना सभासदाशी बोलण्याचे कसब आहे. त्या कसबाने ते कागद आपल्यापेक्षा लवकर गोळा करून आणतील.

प्रश्न : मी पंचविशीत आहे. नोकरीत रुजू होऊन दोनच वर्षे झाली, पण कामे शेवटच्या दिवसावर ढकलण्याच्या माझ्या स्वभावामुळे सहकारी नाराज असतात. स्वभावाला औषध नाही, असे घरचे म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : घरच्यांचे म्हणणे संशोधनाला धरून नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वयाच्या विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान माणसांचा नेटकेपणा आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जाते, असे आढळले. अंगावर जबाबदारी पडली की स्वभाव हळूहळू तिच्याप्रमाणे घडतो. तोवर सहकाऱ्यांनी वाट पाहावी अशी अपेक्षा मात्र धरू नका. ज्याचे पुढचे काम आपल्या कामावर अडून असते त्याला विचारून मधली एक तारीख ठरवा, आणि त्या दिवशी काम अर्धे झालेले असले तरी त्याला दाखवा.

प्रश्न : मी पुण्याहून येऊन सोलापुरातील एका यंत्रमाग कारखान्यात मनुष्यबळ विभागात रुजू झालो आहे. येथील जॉबर आणि जुने कामगार माझ्याशी जवळजवळ ओरडूनच बोलतात. एकाला तर तीन वेळा सांगितल्याशिवाय तो लक्षच देत नाही, आणि मग उलट माझ्यावरच आवाज चढवतो. जेवणाच्या सुट्टीत सगळे तेलुगूत बोलतात आणि मी गेलो की गप्प होतात. माणसे तापट आणि कंपूबाज आहेत, असे माझे मत होत चालले आहे. अशा स्वभावाच्या लोकांशी जुळवून कसे घ्यावे?

उत्तर : आपण आपले मत थोडे थांबवून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला फार वजन देतो आणि तो ज्या परिस्थितीत उभा आहे तिला फार कमी. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या चुकीला माणसाच्या विचारातील मूलभूत चूक म्हटले. यंत्रमागाच्या शेडइतके तिचे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

धोट्याचे माग ओळीने चालू असताना शेडमधील आवाज बहुधा ९० डेसिबलच्या वर असतो. तेथे शेजारच्या माणसाशीही कानाजवळ जाऊन, मोठ्याने आणि मोजक्या शब्दांत बोलावे लागते, आणि पुष्कळसे काम हाताच्या खुणांवर चालते. दोर तुटला, बीम संपत आला, कांडी बदल, हे सांगताना ‘कृपया’ म्हणायला कोणी थांबत नाही. आठ-दहा तास असे बोललेला माणूस आपल्या केबिनमध्ये आला तरी त्याचा आवाज लगेच खाली येत नाही. आपल्याला तो राग वाटतो. त्याच्या दृष्टीने ते साधे बोलणे असते.

तेलुगूविषयीही तसेच. सोलापूरच्या विणकामाचा मोठा भाग पद्मशाली समाजाने उभा केला, आणि त्यांच्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलली जाते. या शहरात एकाच चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी चारही कानावर पडतात. डबा खाताना माणूस घरची भाषा बोलतो, त्यात आपल्याला वगळण्याचा हेतू नसतो. आपण आल्यावर ते गप्प होतात याचे कारण बहुधा आपले पद हे आहे, कारण हजेरी, रजा आणि कपात यांचे कागद आपल्याकडून जातात. फाइल न घेता, काही विचारायचे नसताना, चार दिवस त्यांच्यात बसून जेवा. कामापुरते तेलुगू शब्द जॉबरकडूनच शिकून घ्या. शिकवणारा माणूस शिकणाऱ्याशी फार काळ परका राहत नाही.

तीन वेळा सांगावे लागणाऱ्या त्या कामगाराविषयी मात्र मला खरी चिंता वाटते. तो किती वर्षे मागावर आहे, हे आपण लिहिलेले नाही. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केल्याने कानाच्या आतील नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे कोणी बोलत आहे एवढे कळते, पण शब्द लागत नाहीत. असा माणूस उत्तर देत नाही तेव्हा लोकांना तो दुर्लक्ष करणारा वाटतो, आणि स्वतःचा आवाज त्याला नीट ऐकू येत नसल्यामुळे तो ओरडतो. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने अधिसूचित केलेल्या व्यावसायिक रोगांत मोडतो. आपण मनुष्यबळ विभागात आहात, म्हणजे या बाबतीत काही करू शकणारी व्यक्ती त्या कारखान्यात आपणच आहात. त्या कामगाराला विश्वासात घेऊन कानांची तपासणी करून घ्या. त्याचे नाव कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर ती त्याच्या दवाखान्यामार्फत होऊ शकते. तपासणीचा निकाल त्याच्या नोकरीवर येणार नाही, हे मालकांकडून आधी लेखी घ्या, नाही तर तो येणारच नाही. शेडमधील सर्वांना कानात घालायचे बोळे द्या, आणि ते कोणते बसतात व घामाने गळून पडत नाहीत, हे कामगारांनाच विचारा. आणि तोपर्यंत त्याच्याशी बोलताना मागून हाक मारू नका. समोर उभे राहा, आपला चेहरा त्याला दिसू द्या आणि सावकाश बोला.